शय्यामूत्र : झोपेत होणाऱ्या लघवीचे शास्त्र

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा ते वीस मुले अधूनमधून तरी रात्री अंथरूण ओले करतात. सातव्या वर्षी हे प्रमाण दहाच्या आसपास येते, दहाव्या वर्षी पाचाच्या, आणि पंधराव्या वर्षी शंभरात एखाद-दुसरे मूल उरते. प्रौढ वयातही दर दोनशे माणसांमागे एक-दोघांची यातून सुटका झालेली नसते. म्हणजे पहिलीच्या चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच जणांच्या घरी तरी सकाळी गोधडी वाळत पडते, आणि त्या चार-पाच घरांना एकमेकांची कल्पना नसते. इतकी सर्रास आढळणारी आणि इतकी झाकून ठेवली जाणारी दुसरी बालव्याधी सापडणे कठीण आहे. झाकल्यामुळे होते असे, की आईवडील शेजारणीला विचारत नाहीत, डॉक्टरांना सांगत नाहीत आणि शेवटी मुलाला रागावतात. वास्तविक या विषयात आज पुष्कळ काही निश्चितपणे ठाऊक आहे.

शय्यामूत्र म्हणजे झोपेत, इच्छेविरुद्ध आणि नकळत होणारी लघवी. वैद्यकात तिला एन्युरेसिस असे नाव आहे. वयाची पाच वर्षे पूर्ण होण्याआधी तिला व्याधी म्हणत नाहीत, कारण त्या वयापर्यंत मूत्राशयावर रात्रीचा ताबा न येणे हे वाढीच्या सर्वसामान्य मर्यादेतच बसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निकषग्रंथात आठवड्यातून किमान दोनदा आणि सलग तीन महिने अशी अट घातलेली आहे. बालकांच्या मूत्रविकारांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, आयसीसीएस, याहून सैल व्याख्या स्वीकारते. व्यवहारात पाहायचे ते एवढेच, की मुलाला आणि घराला त्याचा त्रास होतो आहे का. महिन्यातून एकदाच अंथरूण ओले होणारा, पण त्यापायी शाळेच्या मुक्कामी सहलीला जायचे नाकारणारा दहा वर्षांचा मुलगा उपचाराचा हक्कदार आहेच.

झोपेत हे का घडते, हे समजण्यासाठी मूत्राशयाचे काम जागेपणी कसे चालते ते आधी पाहिले पाहिजे. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्या भिंतीतील डिट्रुसर नावाचा स्नायू लघवी साठत असताना सैल राहतो आणि बाहेर टाकायच्या वेळी आकुंचन पावतो. पिशवीच्या तोंडाशी दोन परिसंकोची स्नायू असतात. आतला आपल्या इच्छेबाहेरचा, बाहेरचा इच्छेतला. साठवणीच्या काळात अनुकंपी चेतातंतू पिशवी सैल ठेवतात व तोंड आवळतात. रिकामी करायची वेळ आली की त्रिकास्थीच्या पातळीवरील, म्हणजे एस-२ ते एस-४ या खंडांतील परानुकंपी चेतातंतू सूत्रे हाती घेतात. बाहेरच्या परिसंकोची स्नायूला आज्ञा देणारा पेशीसमूहही तिथेच, मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी असतो, आणि ओनुफ्रोविच या शास्त्रज्ञाच्या नावावरून तो ओनुफचे केंद्र म्हणून ओळखला जातो. या सगळ्यांवर मेंदूच्या बुंध्यात एक केंद्र आहे. बॅरिंग्टन या ब्रिटिश शल्यविशारदाने १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले. साठवण थांबवून विसर्जन सुरू करण्याचा निर्णय तिथून खाली जातो, आणि ‘आत्ता नको, थोडे थांब’ असा मोठ्या मेंदूचा मनाई हुकूमही तिथेच येऊन थडकतो.

तान्ह्या बाळात हा मनाई हुकूमच तयार झालेला नसतो. पिशवी भरली की ती रिकामी होते. दिवसातून वीसेक वेळा दुपटी बदलावी लागतात ती त्यामुळेच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुलाला पोट भरल्यासारखी मूत्राशय भरल्याची जाणीव होऊ लागते, मग ते दिवसा थोडे थोपवू शकते, आणि रात्रीचा ताबा बहुधा सर्वांत शेवटी येतो. पिशवीही वाढत असते. मुलाच्या वयात एक मिळवून त्याला तीसने गुणले की अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. सहा वर्षांच्या मुलासाठी ती २१० मिलिलिटर, म्हणजे घरातल्या मध्यम पेल्याएवढी होते. हे सूत्र साधे आहे, पण निदानात त्याचा फार उपयोग होतो. त्याकडे पुढे येऊच.

रात्रीचे गणित दिवसापेक्षा निराळे असते. निरोगी माणसाची मूत्रपिंडे झोपेत दिवसाच्या साधारण निम्मीच लघवी तयार करतात. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीतून रात्री अधिक प्रमाणात स्रवणारे व्हॅसोप्रेसिन हे मूत्ररोधी संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. डेन्मार्कमधील आर्हुस येथे नॉरगार, रिटिग आणि जूरहूस यांच्या गटाने १९८० च्या दशकात असे दाखवले, की शय्यामूत्र असलेल्या कित्येक मुलांत संप्रेरकाची ही रात्रीची वाढ होतच नाही. ती मुले रात्रीही दिवसाइतकी पातळ लघवी तयार करीत राहतात. पिशवी मध्यरात्रीच काठोकाठ भरते. या शोधाने विषयाची दिशाच बदलली, कारण त्याआधीची जवळजवळ अर्धशतकाची चर्चा मुलाच्या मनात काय गाठ आहे याभोवतीच फिरत होती.

मात्र सगळ्याच मुलांत रात्रीची लघवी जास्त नसते. काहींची लघवी बेताची असते, पण मूत्राशय वयाच्या मानाने लहान असते किंवा भरण्याआधीच आकुंचन पावू लागते. आणि एवढे झाले तरी प्रश्न उरतोच, की पिशवी भरल्यावर मूल जागे का होत नाही? मोठी माणसे होतात. मुलांपैकीही पुष्कळ होतात. ‘आमचा गाढ झोपतो हो, ढोल वाजवला तरी उठायचा नाही’ हे आईचे वाक्य डॉक्टर अनेक वर्षे हसण्यावारी नेत असत. १९९७ मध्ये कॅनडातील वुल्फिश आणि सहकाऱ्यांनी झोपलेल्या मुलग्यांच्या कानाला हेडफोन लावून आवाज हळूहळू वाढवत नेला. इतर मुलगे सुमारे चाळीस टक्के वेळा जागे झाले, शय्यामूत्र असलेले जेमतेम नऊ टक्के वेळा. आईचे निरीक्षण बरोबर होते. पुढे २००८ मध्ये हाँगकाँगमधील संशोधकांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. तीव्र शय्यामूत्र असलेल्या या मुलांची झोप प्रत्यक्षात उथळ आणि वारंवार चाळवणारी असते. मूत्राशयाची हाक मेंदूपर्यंत रात्रभर पोचत असते, झोप मोडत असते, पण पुरती जाग येत नाही. अशी मुले दिवसा चिडचिडी किंवा पेंगुळलेली का दिसतात, याचा उलगडा त्यातून होतो.

रात्रीची जास्त लघवी, लहान किंवा उतावीळ मूत्राशय आणि न येणारी जाग, या तिन्हींपैकी किमान दोन एकत्र आल्याशिवाय अंथरूण ओले होत नाही. कोणत्या मुलात कोणते दोन आहेत हे ओळखणे, इथपर्यंत आजचे शास्त्र आले आहे. आळस, हट्ट किंवा मुद्दाम केलेला खोडसाळपणा यांना या कारणपरंपरेत कुठेही जागा नाही.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याचे प्रमाण सुमारे ७७ टक्के, एकालाच असेल तर ४४ टक्के आणि दोघांनाही नसेल तर १५ टक्के असल्याचे बॅक्विन यांनी १९७० च्या दशकात नोंदवले. १९९५ मध्ये डेन्मार्कमधील कुटुंबांच्या अभ्यासातून तेराव्या गुणसूत्रावरील एका भागाशी याचा संबंध जोडला गेला. पुढे इतर गुणसूत्रांवरील भागही पुढे आले, तेव्हा एकच एक जनुक दोषी धरता येत नाही. सल्ला देताना हा इतिहास विचारण्याचा एक आडलाभ आहे. इतका वेळ मुलावर कावलेले वडील एकदम गप्प होतात आणि आजी हळूच म्हणते, ‘हासुद्धा चौथीपर्यंत भिजवायचा की!’ मुलाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो फरक पडतो, तो औषधाने पडत नाही.

आता वर्गीकरण. हा भाग वाचकाने सावकाश वाचावा, कारण घरगुती तोडगा पुरेल की लगेच दवाखाना गाठायचा, हे त्यावरच ठरते. पहिला भेद प्राथमिक आणि दुय्यम असा आहे. मूल जन्मापासून सलग सहा महिने कधीच कोरडे राहिलेले नसेल तर ते प्राथमिक. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहून पुन्हा सुरू झाले तर ते दुय्यम. प्राथमिक प्रकार बहुसंख्य आणि बहुधा निरुपद्रवी असतो. दुय्यम प्रकार दिसला की कारण शोधायचे. धाकट्या भावंडाचा जन्म, घरातील ताटातूट, शाळेतील छळ यांनी तो उद्भवू शकतो हे खरे. पण मन तपासण्याआधी लघवी तपासावी. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याहून महत्त्वाचा म्हणजे मधुमेह. वर्षानुवर्षे कोरडे राहिलेले मूल अचानक अंथरूण भिजवू लागले, रात्री उठून पाणी मागू लागले, भरपूर खाऊनही वाळू लागले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासली पाहिजे. बालमधुमेहाची ही पहिली खूण असू शकते, आणि ती चुकली तर मूल काही दिवसांत बेशुद्धावस्थेत रुग्णालयात पोचते.

दुसरा भेद एकलक्षणी आणि बहुलक्षणी असा. फक्त रात्रीच भिजते आणि दिवसा काहीही तक्रार नाही, ते एकलक्षणी. दिवसाही चड्डी ओली होणे, अचानक अनावर घाई लागणे, दिवसातून आठ किंवा अधिक वेळा अथवा तीन किंवा कमी वेळा जाणे, कुंथावे लागणे, धार तुटक येणे यांपैकी काही असेल तर ते बहुलक्षणी. अशा मुलांत आधी दिवसाचा उपचार करायचा आणि रात्रीचे मागाहून पाहायचे, हा क्रम ठरलेला आहे.

दिवसाच्या तक्रारींचे काही नमुने एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. खेळता खेळता एखादी मुलगी एकदम थांबते, खाली बसते आणि एका पायाची टाच बैठकीच्या मध्यभागी घट्ट दाबून धरते. मिनिटभराने उठून पुन्हा खेळू लागते. बेलफास्टच्या व्हिन्सेंट यांनी १९६६ मध्ये या आसनाचे वर्णन केले. मूत्राशय अवेळी आकुंचन पावते आहे आणि मूल बाहेरून दाब देऊन ते थोपवते आहे, असा त्याचा अर्थ. आईला वाटते पोर लाडात आली आहे. दुसरा नमुना हसण्याचा. काही मुलींना, विशेषतः शाळकरी वयात, खदखदून हसताना अख्खे मूत्राशय रिकामे होते, एरवी काही तक्रार नसते. तिसरा नमुना दुर्मिळ पण निर्णायक. मुलगी नेहमीप्रमाणे लघवीला जाते, तरीही तिचे कपडे दिवसरात्र सतत थेंबथेंब ओले राहतात. इथे एखादी जादा मूत्रवाहिनी मूत्राशयात न उघडता त्याच्या खाली भलत्याच ठिकाणी उघडत असू शकते. ती शस्त्रक्रियेने कायमची बरी होते, आणि तिच्यासाठी गोळ्या वा गजराची घड्याळे देत बसणे म्हणजे काळाचा अपव्यय.

बद्धकोष्ठाचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा, कारण तो सर्वांत जास्त वेळा नजरेतून निसटतो. मलाशय आणि मूत्राशय एकाच पोकळीत शेजारी राहतात. मलाशय कडक मळाने तुंबले की मूत्राशयाला पसरायला जागा उरत नाही आणि त्याच्या भिंतीला सतत डिवचणे चालू राहते. माँट्रियलच्या ओ’रीगन यांनी १९८६ मध्ये हे ठासून मांडले, आणि केवळ पोट साफ केल्याने कोरडी झालेली मुले त्यानंतर अनेकांनी पाहिली. आपल्याकडे मैद्याची बिस्किटे आणि दूध यांवर वाढणाऱ्या, शाळेतील अस्वच्छ शौचालय टाळणाऱ्या मुलांत हे कारण पहिल्या प्रथम तपासावे. घाणीमुळे लघवी तुंबवून ठेवण्याची सवय मुलींना शाळेतच लागते. मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ ही चळवळ उभी राहिली ती बायकांच्या मुताऱ्यांसाठी, पण त्या मागणीमागे हे सगळे शरीरशास्त्र उभे आहे.

याखेरीज घशातील वाढलेल्या टॉन्सिल व ॲडिनॉइडमुळे घोरणारी, झोपेत श्वास अडखळणारी मुले, तसेच मज्जारज्जूच्या टोकाशी जन्मजात दोष असणारी मुले लक्षात ठेवावी लागतात. कमरेच्या खाली पाठीच्या मध्यरेषेवर केसांचा झुपका, खळगा किंवा गाठ दिसली तर वरवरच्या त्वचेमागे मणक्याचा दोष दडलेला असू शकतो. म्हणून तपासणीत मुलाचा सदरा वर करून पाठ पाहायची असते. हे काम अर्ध्या मिनिटाचे, तरीही राहून जाते. आणि महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले एक कारण म्हणजे सिकलसेल. गडचिरोलीसह विदर्भात आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत हा रक्तदोष बराच आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींमुळे मूत्रपिंडांचा लघवी घट्ट करण्याचा गुण लहान वयातच जातो, परिणामी पातळ लघवी भरपूर होते आणि अंथरूण ओले होते. त्या भागातील आश्रमशाळेच्या वसतिगृहात एखादे मूल रोज अंथरूण भिजवत असेल, तर त्याला शिक्षा करण्याआधी त्याची सिकलसेल चाचणी झाली आहे का, हे विचारायला हवे.

या व्याधीचा इतिहास पुरातन आहे आणि तोडग्यांचा इतिहास मनोरंजक, क्वचित क्रूर. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये मुलांच्या मूत्र-असंयमावर उपाय आहे. रोमन लेखक प्लिनी उकडलेले उंदीर खाऊ घालायला सांगतो. इंग्रजी भाषेतील बालरोगांवरचे पहिले पुस्तक सोळाव्या शतकाच्या मध्यावर टॉमस फेअर यांनी लिहिले. त्यात अंथरुणात लघवी करण्यावर वेगळे प्रकरण आहे आणि कोंबड्याची श्वासनलिका, साळूसारख्या काटेरी हेजहॉगची वृषणे व बकरीचे खूर यांची पूड हे त्यातले उपाय. आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत बालरोगांच्या गणनेत शय्यामूत्र हे नाव आलेले आहे. चरक संहितेतील ‘नवेगान्धारणीय’ अध्यायात ज्या तेरा वेगांचे धारण करू नये असे सांगितले, त्यांत मूत्रवेगाला अग्रस्थान आहे. घरगुती पातळीवर काळे तीळ आणि गूळ हा आजीचा उपाय अजून चालतो. त्याने अपाय होत नाही, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. जंतांच्या औषधाबद्दल मात्र आजीचे पूर्ण चुकत नाही. सुतासारख्या बारीक कृमींची खाज आणि दाह यांमुळे लहान मुलींत लघवीच्या तक्रारी उद्भवतात.

कोरियातील जुनी रीत या सगळ्यांत मला अधिक बोलकी वाटते. तिथे अंथरूण भिजवलेल्या मुलाच्या डोक्यावर सूप पालथे घालून त्याला शेजाऱ्यांकडे मीठ मागायला पाठवत. शेजारीण काय ते समजायची, मीठ द्यायची आणि दटावायचीही. जपान आणि कोरियात ‘विस्तवाशी खेळलास तर रात्री अंथरूण भिजवशील’ असे मुलांना बजावतात. चारचौघांत लाज वाटली की मूल सुधारते, ही समजूत जगभर होती. तिचे टोक युरोपातील निवासी शाळांत दिसते. मोतिहारीत जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल आठव्या वर्षी इंग्लंडमधील सेंट सिप्रियन्स या शाळेत दाखल झाले, तिथे अंथरूण भिजवू लागले आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. त्या अनुभवावरील त्यांचा दीर्घ निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. इच्छा नसताना, कळतही नसताना आपल्या हातून पाप घडू शकते, ही भयंकर शिकवण आपल्याला तिथे मिळाली असा त्यातला आशय आहे. १९६३ मध्ये मॅकडॉनल्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी आग लावणे आणि प्राण्यांचा छळ यांच्या जोडीला शय्यामूत्रही भावी हिंसकतेचे लक्षण असल्याचे सुचवले. नंतरच्या अभ्यासांतून शय्यामूत्रावरील हा ठपका टिकला नाही, पण गुन्हेकथांत आणि मालिकांत तो अजून उगाळला जातो.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये त्रूसो यांच्यासारखे नामांकित वैद्य बेलाडोना ही वनस्पती देत. वरकरणी तोही एक तोडगाच, पण त्यात तथ्य होते. बेलाडोनातील ॲट्रोपिन मूत्राशयाचे अवेळी आकुंचन रोखते. आज उतावीळ मूत्राशयासाठी दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन याच मार्गाने काम करते.

निदानासाठी महागड्या तपासण्या बहुधा लागत नाहीत. एक मोजपात्र, एक वही आणि दोन सुट्टीचे दिवस पुरतात. मूल किती वाजता किती प्याले आणि किती वाजता किती लघवी झाली हे लिहायचे. रात्री लंगोट किंवा डायपर बांधून सकाळी त्याचे वजन करायचे, कोरड्या डायपरचे वजन वजा करायचे आणि सकाळची पहिली लघवी त्यात मिळवायची. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरावे. आता मघाचे सूत्र. सहा वर्षांच्या मुलाची अपेक्षित क्षमता २१० मिलिलिटर. रात्रीची एकूण लघवी याच्या १३० टक्क्यांहून, म्हणजे सुमारे २७० मिलिलिटरहून जास्त असेल, तर मूत्रपिंडे रात्री जास्त काम करीत आहेत. सकाळची पहिली लघवी सोडून दिवसभरातील सर्वांत मोठी लघवी ६५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे १३५ मिलिलिटरच्या आत असेल, तर मूत्राशय लहान पडते आहे. औषध कोणते लागू पडेल हे या दोन आकड्यांवरून बरेचसे सांगता येते. वहीशिवाय दिलेली गोळी हा अंदाजपंचे कारभार झाला.

उपचाराची पहिली पायरी दिनक्रमाची. पाणी तोडायचे नाही, दिवसाच्या पूर्वार्धात जास्त आणि संध्याकाळनंतर कमी असे वाटून द्यायचे. दर दोन-तीन तासांनी लघवीला पाठवायचे, झोपण्याआधी हमखास. चहा-कोला बंद. पोट रोज साफ. मध्यरात्री मुलाला अर्धवट झोपेत उचलून मोरीत उभे करण्याची पद्धत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. तिने त्या रात्रीपुरते अंथरूण वाचते, पण मुलाला झोपेतच लघवी करण्याचा सराव होतो, व्याधी बरी होत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेची २०१० ची मार्गदर्शिका एक नेमकी सूचना करते. बक्षीस कोरड्या रात्रीसाठी देऊ नये, कारण कोरडे राहणे मुलाच्या हातात नाही. वेळेवर लघवीला जाणे, ओली चादर काढायला हात लावणे, यांसाठी द्यावे.

गजर-उपकरणाचा जन्म अपघाताने झाला. १९०४ मध्ये फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञांनी रुग्णालयातील परिचारिकांना ओले मूल लगेच कळावे म्हणून अंथरुणाखाली विद्युत्‌ मंडल बसवले. ओल लागली की घंटा वाजे. काही काळाने ध्यानात आले की मुले भिजवेनाशीच झाली. या निरीक्षणाचे उपचारात रूपांतर अमेरिकेत होबार्ट आणि विली मे मॉवरर या पतिपत्नींनी १९३८ मध्ये केले. तीस मुलांवर त्यांनी ते वापरले आणि तिसाच्या तिसांना गुण आल्याचे लिहिले. आजच्या यंत्रात चड्डीला लावायचा एक चिमटा, एक तार आणि खांद्याजवळ लावायची डबी एवढेच असते. पहिले दोन-तीन आठवडे डबी वाजते, घर जागे होते, आळी जागी होते, मूल तेवढे झोपलेले राहते. इथेच बहुतेक आईबाप यंत्र कपाटात टाकतात. प्रत्येक वेळी मुलाला पुरते जागे करून त्याच्याच हाताने डबी बंद करवून मोरीपर्यंत चालत नेणे, हे काम कंटाळवाणे असले तरी उपचार तोच आहे. मग भिजलेला डाग आकाराने लहान होऊ लागतो, रात्रीची वेळ पुढे सरकते, आणि सलग चौदा कोरड्या रात्री झाल्या की यंत्र काढता येते. याला दोन ते चार महिने लागतात. जवळपास दोन तृतीयांश मुले या उपचारात कोरडी होतात आणि बऱ्याच जणांत तो परिणाम टिकतो. बरी झालेली मुले बहुधा रात्री उठत नाहीत, सरळ सकाळपर्यंत कोरडी झोपतात, हे विशेष.

रात्रीची लघवी जास्त असणाऱ्यांना डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचे कृत्रिम रूप उपयोगी पडते. परिणाम पहिल्या काही रात्रींतच दिसतो, म्हणून लग्नघर, मुक्कामी शिबिर, रात्रीची रेल्वे यांसाठी ते वरदान आहे. गोळी थांबवली की तक्रार पुष्कळदा परतते. तिचे पथ्य मात्र कडक. गोळीच्या एक तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. ते पाळले नाही तर रक्तातील सोडियम घसरून झटके येऊ शकतात. अशा घटनांमुळे अमेरिकेत २००७ मध्ये नाकात फवारायचे डेस्मोप्रेसिन या व्याधीसाठी वापरण्यास मनाई झाली. इमिप्रामिन ही मूळची नैराश्यावरील गोळी १९६० पासून वापरात आली. तिचा जादा डोस हृदयाची गती बिघडवून जीव घेऊ शकतो, त्यामुळे घरात लहान भावंड असताना तिची पट्टी उघड्यावर ठेवणे धोक्याचे आहे. आज ती तज्ज्ञांच्या हातातील शेवटची निवड मानली जाते.

काहीच केले नाही तरी दर वर्षी सुमारे पंधरा टक्के मुले आपोआप कोरडी होतात. बेलफास्टमधील फोरसाइथ आणि रेडमंड यांनी ११२९ मुलांच्या नोंदींवरून १९७४ मध्ये हे दाखवले. याच आकड्याच्या आधारे ‘मोठा झाला की थांबेल’ असा सल्ला दिला जातो. आठ वर्षांच्या मुलासाठी त्याचा अर्थ असा होतो, की पुढल्या वाढदिवसाला आपण अजून भिजवतच असू अशी शक्यता शंभरात पंच्याऐंशी. एवढी वाट पाहायला लावणे मला पटत नाही.

प्रौढांचा मूत्र-असंयम हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय. खोकला, शिंक, बादली उचलणे यांसरशी थेंब गळणारा दाबजन्य प्रकार बाळंतपणानंतर स्त्रियांत आढळतो. श्रोणितलाच्या स्नायूंच्या व्यायामाने तो पुष्कळ सुधारतो. कॅलिफोर्नियाचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी तो व्यायाम १९४८ मध्ये पद्धतशीरपणे मांडला. घाई लागून स्नानगृहापर्यंत न पोचणे हा तातडीजन्य प्रकार, आणि गुडघ्यांमुळे किंवा अंधारामुळे वेळेवर न पोचणे हा परिस्थितिजन्य. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडून दिवसरात्र लघवी गळत राहते, तो भगंदराचा प्रकार अधिक दारुण. त्याच्या शस्त्रक्रियांसाठी हॅमलिन दांपत्याने १९७४ मध्ये अदिस अबाबात खास रुग्णालय उभारले.

वृद्ध पुरुषांबाबत एक खूण मात्र घरोघरी ठाऊक असावी. साठी उलटलेल्या गृहस्थांचे अंथरूण अलीकडे रात्री ओले होऊ लागले, दिवसा धार बारीक आहे, पण दुखत काहीच नाही, अशा वेळी घरचे ‘आता वय झाले’ म्हणून प्लास्टिक अंथरतात. पुष्कळदा हा ओसंडणारा प्रकार असतो. वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीने वाट अडवलेली असते, मूत्राशय महिनोन्‌महिने तुडुंब राहते आणि झोपेत स्नायू सैल पडले की वरचे वर सांडते. बेंबीखाली हात ठेवला तर टणक फुगवटा लागतो. मागे साचलेल्या दाबाने मूत्रपिंडे नकळत निकामी होत असतात. रबरी नळी घातल्यावर कधी कधी लिटरभराहून जास्त लघवी निघते. मग रक्तातील क्रिएटिनिन किती आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडांना सूज किती, यावरून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया लगेच करायची की मूत्रपिंडे सावरेपर्यंत नळी ठेवायची, ते मूत्ररोगतज्ज्ञ ठरवतात.